ताईनं विमान रिकामं केलं

ताईनं शपथ घातलीय, कुणाला सांगायचं नाही म्हणून. पण तुम्ही काही परक्या नाही.

नांदूरघाटची माझी मामेबहीण संगीताताई पुण्यात हवाई सुंदरीचं शिकत होती. सहलीवाल्यांना गोव्याला नेणाऱ्या विमानांवर नोकरी मिळणार होती. मामानं बजावलं होतं, "नापास झालीस तर परत हितंच, शेळ्यांमागं."

शेवटची परीक्षा, आग लागली असं धरून नकली विमान रिकामं करायची होती. सर घाबरलेले प्रवासी बनून दारात अडून बसायचे. ओरडून, ढकलून त्यांना घसरगुंडीवर घालायचं. ताई दोनदा हळूच म्हणाली, "सर, प्लीज उडी मारा ना." दोनदा नापास.

तिसऱ्यांदा सर तसेच अडले, आणि ताईला गोठ्याच्या दारातली हट्टी शेळीच दिसली. "हुर्र! निघ की सटवे!" म्हणत तिनं सरांचा कान धरला आणि मागून गुडघा दिला. सर सरळ डोक्यावर खाली.

खालून आवाज आला, "पास! आता हेच बाकीच्या पोरींना शिकव."

पण शिकवायला प्रवासी पाहिजे. सर काही परत चढेनात. शेवटी तिथले मोठे साहेब स्वतः दारात बसले, आणि ताईनं त्यांच्या...

"ए चिंगे! काय सांगायलीस गं तिथं? हिकडं ये आधी!"

"आले, ताई!"