तीनदा वाजलेला फोन

शेषाद्री: म्हणजे नोकरी हातात नसताना पुण्याला जाणार. हेच ना?

अखिला: हो अप्पा. माझी मैत्रीण कीर्तना, तिच्या तिथल्या खोलीतली एक खाट रिकामी झाली. आज संध्याकाळपर्यंत तिला सांगायचं, नाहीतर दुसऱ्या मुलीला देते म्हणून सांगितलंय.

शेषाद्री: आधी नोकरी, मग गाव. मी ओरत्तनाडूला गेलो तेव्हा खिशात नेमणुकीची ऑर्डर होती.

अखिला: ओरत्तनाडू इथनं बसनं तासभर. तुम्ही रात्री जेवायला घरी येत होता.

शेषाद्री: अंतराचं काय घेऊन बसलीस. अंथरूण पाहून पाय पसरावे माणसानं.

अखिला: आठ महिने तेच करते. रक्त तपासणाऱ्या लॅब पुण्यात गल्लोगल्ली आहेत. फोनवर सगळे विचारतात, सध्या कुठं असता? तंजावूर म्हटलं की कळवतो म्हणतात, कळवत नाहीत. तिथं असले तर दुसऱ्या दिवशी समोर जाऊन बसता येईल.

शेषाद्री: आणि आपली तंजावूरची मराठी ऐकून हसतील ते.

अखिला: हसू देत. कीर्तनालाही हसायचे. आता रविवारी तिच्याकडे रसम मागायला येतात.

शेषाद्री: मागच्या महिन्यात एक लॅब जमत आली होती ना? तिचं काय झालं?

अखिला: गेली.

शेषाद्री: नको म्हणाले?

अखिला: घेतो म्हणून सांगायलाच फोन केला होता त्यांनी. गुरुवारी, अकरा ते एकच्या मध्ये. त्या दिवशी अम्माचं चौथ्या महिन्याचं श्राद्ध होतं.

शेषाद्री: तू सोवळ्यात होतीस.

अखिला: ओलं लुगडं नेसून वडे तळत होते. फोन खिडकीत होता. शिवला असता तर परत अंघोळ, परत सगळा स्वयंपाक, आणि ब्राह्मण पानावर बसायची वेळ झालेली. तीनदा वाजला. मी बघत उभी राहिले. दुपारी मेल आला, तुमचा फोन लागला नाही, दुसरीला घेतलं म्हणून.

शेषाद्री: मला बोलली नाहीस.

अखिला: वाईट वाटलं असतं तर बोलले असते. काही वाटलंच नाही. मेल वाचला आणि भांडी घासायला बसले. अम्मा गेल्यापासून असंच आहे. तुम्हाला वाटतं का काही?

शेषाद्री: नाही. रोज पेपर वाचतो. काल काय वाचलं म्हणून विचारलंस तर सांगता यायचं नाही.

(शेषाद्री पेपरची घडी करून बाजूला ठेवतात.)

शेषाद्री: तो फोन मला ऐकू येत होता, अखिला.

अखिला: येणारच. पण तुम्हीही सोवळ्यातच होता. वेंकटराव शास्त्री समोर दर्भ मांडत बसलेले. तुम्ही तरी कसा शिवणार?

शेषाद्री: तुझी सरस्वतीआत्या तिरुवैयारूहून बसनं आली होती. अंघोळ व्हायची होती म्हणून बाहेरच बसलेली. एक हाक मारली असती तर तिनं उचलला असता.

अखिला: कुणाचा फोन ते तुम्हाला कुठं ठाऊक होतं?

शेषाद्री: ठाऊक होतं. बुधवारी तू कीर्तनाला सांगत होतीस, उद्या लॅबचा फोन येणार म्हणून, ते ऐकलं होतं मी.

अखिला: कामाच्या घाईत विसरला असाल.

शेषाद्री: विसरलो नाही. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा, बंद होऊ दे एकदाचा, असं वाटलं. चार महिन्यांत तेवढंच काय ते वाटलं मला.

अखिला: मला राग यायला हवा आता.

शेषाद्री: येईल. तिकडे गेलीस की येईल.

अखिला: आणि पुढचं श्राद्ध? स्वयंपाक कोण करणार?

शेषाद्री: तिरुवैयारूला नदीकाठी सगळं करून देणारे आहेत. शास्त्र्यांना विचारून ठेवलंय. आत्याकडे उतरेन.

अखिला: कधी विचारलंत?

शेषाद्री: त्याच गुरुवारी. शास्त्री जेवून हात धुवायला उठले तेव्हा.

अखिला: मग आत्ता तासभर आधी नोकरी, आधी नोकरी म्हणून का बसलात?

शेषाद्री: तूच नको म्हणशील, राहते म्हणशील, अशी आशा होती म्हणून. कीर्तनाला सांग, येते म्हणून. इथं राहून नोकरी शोधलीस तर पुढचा फोनही मी वाजू देईन.