लेकीचं वय एक्स

साक्री बसस्थानकात धुळ्याची गाडी लागली नव्हती. बाकावर माझ्या शेजारी माय-लेक बसल्या होत्या.

“काय पुटपुटी रायनी, मेघा?”

“समीकरण सोडवून बघतेय, मम्मी. आई लेकीपेक्षा सोळा वर्षांनी मोठी. दोघींच्या वयांची बेरीज चव्वेचाळीस. लेकीचं वय एक्स धरायचं.”

“हाई तर आपलंच शे!”

“सर म्हणाले, घरातलंच उदाहरण तयार करून आणा.”

“आपली उमर त्यास्ले कसाले पाहिजे? गणित शिकाडतस का चौकशी करतस?”

“बाकीच्या पोरींनी शेळ्या-कोंबड्या घेतल्या.”

“मंग तू बी कोंबड्याच घे. हाई नको लिखू.”

“लिहून दिलंय. उद्या सर फळ्यावर सोडवणार.”

“उत्तर काय येस?”

“चौदा.”

“वय टाक असं सरास्नी सांगेल व्हतं?”

“नाही. मीच टाकलं.”

“कसाले?”

“रविवारी मला बघायला पाहुणे येणार ना? त्यांना तू अठरा सांगितलंस.”

“हळू बोल. तो माणूस ऐकी रायना.”

“ऐकू दे. त्यांनाही गणित येत असेल.”