अनसाबाईंच्या हनुवटीखालचा पट्टा

मंडळी, ऐका हो! पूर्वरंगात आपण मायेचं नाव घेतलं. आता त्याच मायेबद्दल एक प्रश्न विचारतो, पुराणात बघून उत्तर द्यायचं नाही, घरात बघून द्यायचं. माया करायची, ती घट्ट करायची की सैल?

काय म्हणता? खांबाजवळच्या आजी म्हणतात – घट्ट! वा! आणि शेजारी त्यांची सून बसलीय, ती काहीच बोलत नाही! बोलू नको बाळ, घरी एकाच रिक्षानं जायचंय तुम्हाला!

तर विट्याच्या अलीकडे एक गाव. नाव सांगत नाही. सांगितलं तर तिथली माणसं उद्या भांडायला येतील आणि जेवून जातील. त्या गावात केरबा माळवदे राहत. धंदा – लग्नात फेटे बांधायचा. फेटे बांधणारे तुम्ही पुष्कळ पाहिले असतील, पण केरबांचा फेटा! अहो, एकदा वरातीत घोडं बुजलं. नवरदेव पडला, उतारावरून गडगडत थेट ओढ्यात! सात कोलांट्या! वर काढला तेव्हा पायात मोजडी नाही, कमरेला तलवार नाही, अंगरख्याची एक बाही नाही – फेटा मात्र जसाच्या तसा! तुरासुद्धा ताठ! दुसऱ्या एका नवरदेवाच्या भुवया त्या फेट्यानं अशा वर ओढल्या गेल्या की बायको महिनाभर विचारायची, "अहो, माझ्याकडं बघून तुम्हाला सारखं एवढं नवल कशाचं वाटतंय?"

हसता काय? पेटीवाले, तुम्ही तर त्या लग्नाला होता! – नव्हता? मग मान कशाला हलवली?

केरबांचा नियम एकच. "हात खाली! मी बांधणार, मीच सोडणार!" आमदार असो नाहीतर नवरदेव, स्वतःच्या डोक्याला हात लावायची कुणाला मुभा नाही.

आता त्यांच्या घरात येऊ. बायको अनसाबाई. दोन वर्षांपूर्वी या माउलीला अर्धांगाचा झटका आला. बोलणं परत आलं. चालणं काठी घेऊन परत आलं. उजवा हात मात्र अर्धाच परत आला – मनगट वळतं, बोटं ऐकत नाहीत. आणि केरबांनी काय सेवा केली म्हणता! वेणी घालायची केरबांनी, पदर लावायचा केरबांनी, चपलेचा बंद लावायचा केरबांनी, घासही भरवायचा केरबांनीच!

"अहो, मी डाव्या हातानं जेवते की."

"गप. सांडशील."

गावातल्या बाया म्हणायच्या, नवरा मिळावा तर असा! अनसाबाई ऐकायच्या आणि हसायच्या. पण मंडळी, ते हसणं ओठांवरच थांबायचं. केरबांना ते दिसत नव्हतं. का? ते वेणी घालत होते – मागं उभे होते!

दर गुरुवारी दोघं मोटारसायकलवरून विट्याला जायची, हाताचे व्यायाम करायला. डॉक्टरीणबाईंनी दम दिला, "मागं बसणाऱ्यालाही हेल्मेट पाहिजे. त्याशिवाय पुढच्या वेळी आत घेणार नाही."

झालं! केरबा एकटेच विट्यातल्या दुकानात. सोबत सुतळी – बायकोच्या डोक्याचं माप! दुकान शकीलाभाभींचं. भाभींनी सुतळी बघितली आणि डोळे मोठे केले. "केरबाकाका, एवढं डोकं?"

"अंबाड्यासकट मोजलंय."

"अहो, हेल्मेट आहे, टोपलं नव्हे! अंबाडा खाली घ्यायला सांगा!"

मग भाभींनी तीन हेल्मेटं मांडली. तिन्ही सारखी, फरक फक्त हनुवटीखाली. पहिल्याला दोन कड्या – पट्टा दोन्हींतून ओवायचा, एकीवरून माघारी फिरवायचा आणि ओढायचा. दुसऱ्याला खटका – आपल्या दप्तराला असतो तसा. दोन टोकं एकमेकांत घातली की खट्, लाल बटण दाबलं की मोकळं. तिसऱ्याला दातांची पट्टी – खाचेत सरकवली की कट् कट् करत अडकत जाते, जिभली ओढली की सुटते.

"यात पक्कं कुठलं?" केरबा.

"नीट लावलं तर तिन्ही पक्की, न लावता मिरवलं तर तिन्ही फुकट. लावणार कोण आहे, ते सांगा."

"मीच की!"

अहो, दोन कड्या बघितल्यावर केरबांना दुसरं काही दिसतंय होय! ओवायचं, पीळ बसवायचा, ओढायचं – हा तर त्यांचाच धंदा! तेच घेतलं. त्यातही हनुवटीपर्यंत सगळं तोंड झाकणारं मागून घेतलं. घरी आणलं, अनसाबाईंच्या डोक्यात घातलं, पट्टा ओढला आणि उरलेलं टोक फेट्याच्या शेवासारखं आत असं खोचलं की मुंगी शिरायची नाही! "हलव मान!" मान हलली, हेल्मेट नाही. केरबा खूश. अनसाबाई आतून काहीतरी म्हणाल्या. ते ऐकूच आलं नाही!

आला गुरुवार. व्यायाम झाला, दोघं परत निघाली. वाटेत मंगल कार्यालय. दारात ओळखीचा माणूस आडवा. "केरबाकाका, देवच पावला! आमचा फेटेवाला आलाच नाही. सात फेटे फक्त, पाच मिनिटं!"

केरबांनी बायकोला मांडवाच्या कडेला खुर्चीवर बसवलं. "बस. आलोच."

मंडळी, लग्नातली पाच मिनिटं! सातांचे सतरा झाले, सतरांचे सत्तर! व्याही रांगेत, व्याह्यांचे व्याही रांगेत, वाजंत्रीसुद्धा सनई काखेत मारून रांगेत! आणि बाहेर वैशाखाचं ऊन. अनसाबाई हेल्मेटात. कुणीतरी सरबत आणून दिलं. पेला हातात, पण तोंड कुठंय? एक बाई म्हणाली, "मावशी, काढा की ते!"

"नको. बरं वाटतंय."

बरं वाटतंय! डाव्या हातानं त्या कडीशी झटत होत्या बिचाऱ्या. शेव आत खोचलेला, सापडेना. सापडला तर ओढायचा कुठं, कळेना. पेल्यातला बर्फ विरघळून गेला.

दोन तासांनी केरबा आले. गडबडीनं पट्टा सोडला आणि हेल्मेट उचललं. चेहरा लालबुंद, केस गालांना चिकटलेले. आणि हनुवटीखाली – नखांचे ओरखडे. तिच्याच नखांचे.

"अगं, कुणाला तरी सांगायचं सोडायला!"

"कुणाला सांगू? निम्मा मांडव वळखीचा. म्हटले असते, हिला एवढंबी येईना."

केरबांनी हेल्मेट खाली ठेवलं. म्हणाले, "चुकलो अनसा. आता तुला सोडून पाऊलभर कुठं जायचा न्हाई."

इथं आपण टाळ्या वाजवतो, नाही का! किती प्रेमळ नवरा! पण ती माउली काय म्हणाली, ऐका –

"तसं नगो. तुम्ही जावा कुठंबी, धंदा करा. मला माझं मी सोडता आलं पायजे. जमत नसंल तर मी गाडीवर बसणार न्हाई. व्यायाम बास. राहू दे हात हाय तसा."

मंडळी, केरबा घाबरले! ही बाई चाळीस वर्षांत कशाला नाही म्हणाली नव्हती. "चल, पट्टा बदलू" म्हणत गाडी वळवली, तशीच विट्याला.

शकीलाभाभींनी हनुवटी बघितली आणि पुन्हा तीन पट्टे मांडले. आता निवडणार अनसाबाई! कडी त्यांनी कोपरानंच बाजूला सारली. खटका घेतला – सोडायला सोपा, एका बोटाचं काम. पण लावताना दोन टोकं जुळवायला दोन धड हात लागतात. एक टोक धरलं की दुसरं पळतंय! तोही ठेवला.

मग दातांच्या पट्टीचं, तोंड उघडं राहणारं हेल्मेट डोक्यात घातलं. उजवी बोटं ऐकत नाहीत ना? मग मनगट! मनगटानं खाच जबड्याशी दाबून धरली, डाव्या हातानं पट्टी आणली. हुकली. पुन्हा आणली, तिरकी गेली. तिसऱ्यांदा. पाचव्यांदा. कपाळावर घाम! केरबांचा हात उठला –

"हात खाली!"

कोण म्हणालं? अनसाबाई!

केरबांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबले आणि बसून राहिले. सातव्यांदा हुकली. गिऱ्हाईक आलं, भाभींनी बोटानंच त्याला थांबवलं. नवव्यांदा टोक आत गेलं आणि निसटलं. अहो, ज्या माणसानं हजारो डोकी बांधली, त्याला नुसतं बसणं किती जड जात असेल! डोळ्यांतून पाणी गळतंय आणि पुसायला हात नाही, हात खाली अडकलेत! अकराव्यांदा. आणि बाराव्यांदा –

कट्. कट्. कट्. कट्!

अनसाबाईंनी जिभली ओढली, मोकळं केलं. पुन्हा लावलं. पुन्हा सोडलं. चार वेळा! उगीचच! भाभी म्हणाल्या, "मावशी, दात झिजतील!" आणि अनसाबाई हसल्या. यावेळी केरबा समोर होते. दोन वर्षांत न दिसलेलं हसू त्यांना दिसलं, डोळ्यांपर्यंत गेलेलं.

अनसाबाईंनी शेवटी पट्टी लावूनच ठेवली, तसे केरबा उठले. पट्टा बरोबर बसलाय का, बघायचं होतं. हात पुढं केला आणि मध्येच थांबवला.

"अनसा, हात लावू?"

"लावा की."

त्यांनी पट्ट्याखाली दोन बोटं घातली, ओढून बघितलं. हललं नाही. आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याची गाठ त्यांना पसंत पडली!

मंडळी, देवानं आपल्याला जन्माला घातलं, पण आपला पट्टा स्वतःच्या मुठीत ठेवला नाही. वाट चुकायचीसुद्धा मोकळीक दिली. आणि आपण? पोरानं काय शिकायचं, आम्ही ठरवणार. सुनेनं माहेरी कधी जायचं, आम्ही ठरवणार. म्हातारा बाप चहा करायला उठला तर "बसा हो, सांडाल" म्हणून त्याच्या हातातलं पातेलं काढून घेणार! आणि वर म्हणणार, किती जपतो आम्ही!

जपा. जरूर जपा. डोकी उघडी टाकून जा असं अनसाबाईही म्हणाल्या नाहीत. फक्त जिभली ज्याची त्याच्या हाताला लागू द्या.

आता नाम घेऊ आणि उठू. तुमच्या शेजारी गुडघे धरून बसलेलं एखादं म्हातारं माणूस असेल. त्याला एकदम काखेत हात घालून उचलू नका. आधी विचारा – "हात देऊ का?" आणि ते नको म्हणालं, तर घाई करू नका. त्याचं त्याला उठू द्या. तोवर गजर चालू ठेवू. सगळे उभे राहीपर्यंत मी टाळ खाली ठेवत नाही. बोला – रामकृष्ण हरी!