कुठल्या आजीचा बटवा

आजच्या समारंभाच्या अध्यक्षबाई, व्यासपीठावर बसलेल्या पाहुण्या, समोरच्या माझ्या मैत्रिणींनो, दाराशी चहाच्या वासावर थांबलेल्या भाऊलोकांनो, आणि ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या माझ्या विहीणबाई, सगळ्यांना माझा नमस्कार.

विहीणबाई म्हणजे माझ्या सुनेची आई. याच हॉलच्या मागच्या खोलीत त्यांनी इतकी वर्षं मेणाच्या रंगकामाचा वर्ग चालवला. कापडावर गरम मेणानं चित्र काढायचं, कापड रंगात बुडवायचं. मेण असेल तिथे रंग शिरत नाही. इस्त्री फिरवून मेण उतरवलं की पांढरं चित्र वर येतं, मग त्याचा चेन लावून बटवा शिवायचा. पण तुम्हाला मी हे काय सांगते? निम्म्या जणींच्या नखांत अजून निळं आहे.

आता विहीणबाई आपल्या मुलाच्या गावी कायमच्या चालल्या. जाता जाता म्हणाल्या, सुट्टीभर नातीला माझ्याकडे पाठवा, पुढचं शिकवते. माझा मुलगा नि सून म्हणाले, "आई, तू म्हणशील तसं." म्हणजे वाईटपणा आईकडे. उत्तर मी अजून दिलेलं नाही. आज चार लोकांसमोर देणार आहे, म्हणजे नंतर मलाच फिरवता येणार नाही.

खरं सांगू का? माझ्या पोटात दुखतं. पोरगी माझ्या हातचं खाऊन मोठी झाली आणि गुण गाते विहीणबाईंचे. त्यांना म्हणते 'मेणआजी'. मला नुसतं 'आजी'. बटवा म्हटला की आजीबाईचाच, असं सगळं जग म्हणतं. पण कुठल्या आजीबाईचा, हा प्रश्न आमच्याच घरात पडावा?

त्याचं असं झालं. नातीनं पहिल्या बटव्याचं कापड मेण लावून जेवणाच्या टेबलावर पसरून ठेवलं होतं. मला पसारा बघवत नाही. मी छान चौघडी घातली, वरून दाबली आणि कपाटात ठेवली. मेण घडीवर तडकलं. दुसऱ्या दिवशी तिला सोडायला मी वर्गात गेले, तर माझ्या डोळ्यांदेखत, रंगातून कापड वर आलं ते पानाफुलांच्या मधोमध निळ्या रेघांची फुली घेऊन.

"आजी, तू घडी घातलीस?"

"मग? कापड काय लोळत ठेवायचं?"

पोरीचे डोळे भरले. विहीणबाईंनी ते कापड खिडकीशी धरलं आणि म्हणाल्या, "राहू दे गं. इतकी सरळ रेघ माझ्या हातून कधी आली नाही."

मग काय, सगळा वर्ग घड्या घालायला लागला. आत्ताच अध्यक्षबाई म्हणाल्या, बाईंची घडीची नक्षी. अध्यक्षबाई, तुमचा मान ठेवून सांगते, घडी माझी आहे.

आणि तो बटवा? नातीनं विहीणबाईंना दिला. दोन दिवस मी घरात भांडी आपटत फिरले. मग विहीणबाई घरी आल्या, बटवा पुढे ठेवला आणि म्हणाल्या, "घ्या. तुमचाच आहे."

"मागून मिळालेलं मला नको."

"मागितलात कुठे?"

"तोंडावर दिसत नाही का?"

दोघींनाही हसू आलं. चहात मात्र त्यांच्या मी साखर कमी घातली. आणि बटवा त्या घेऊन गेल्या. बघा, किती चटकन घेऊन गेल्या.

घरात चार हाका मारल्याशिवाय न उठणारी ही पोरगी वर्गाच्या दिवशी माझ्याआधी उठून दाराशी उभी असते. तिला अडवणं माझ्या हातात आहे. पण अडवली तर ती घरात राहील, माझ्याजवळ राहणार नाही. एवढं मला बिनशिकलेलीलाही कळतं.

तेव्हा विहीणबाई, ऐका. नात येईल, सुट्टीभर येईल. आणि तिच्याबरोबर मीही येईन. व्याह्यांच्या घरी राहायला जाताना माणूस दहादा विचार करतो, मी एकदाच केला. हसू नका, तिकिटं काढून झालीत. मला एक खोली द्या, तुमच्यापासून जरा लांबची.

वर्गातल्या मैत्रिणींनी मला बोलायला उभं केलं, त्यांचे आभार. अध्यक्षबाईंनी दोनदा घड्याळ बघितलं, पण थांबवलं नाही, त्यांचेही आभार. काही जास्त-उणं बोलले असेन तर म्हातारी म्हणून पोटात घाला. आणि विहीणबाई, आम्हाला घ्यायला स्टेशनवर या. पोरगी गाडीतून उतरून आधी तुमच्याच गळ्यात पडणार, हे मला ठाऊक आहे. तेवढा वेळ मी सामान मोजत उभी राहीन.