गुळव्याला गूळ नडला

मंडळी, एक सांगा! माणूस भितो कशाला? जे घात करतं त्याला — की जे परकं दिसतं त्याला? माना डोलावू नका, आधी ऐका!

कोल्हापूरकडे शामराव चौगुले नावाचे गुळवे होते. गुऱ्हाळात रस उकळतोय, रसाची ती भलीमोठी कढई, काईल, कधी उतरवायची — हे नुसत्या वासावर सांगायचे! आणि अशा माणसाला झालं काय? मधुमेह! हसताय? देवालासुद्धा गंमत कळते, बाबांनो!

त्यांची बायको अक्काताई. तिनं डॉक्टरीणबाईंना विचारून चहात साखरेऐवजी गोडव्याची गोळी टाकली. शामरावांनी कप खाली ठेवला.

"ह्यानं कॅन्सर हुतोय! मोबाईलवर आलंय!"

"कुणी धाडलंय?"

"दाजींनी!"

झालं! दाजी म्हणजे बहिणीचे यजमान; त्यांनी धाडलं म्हणजे ब्रह्मवाक्यच! गोळ्यांची डबी गेली उकिरड्यावर. मग चहात काय? गूळ! "आपला गूळ रानभेंडीच्या रसानं साफ केलेला. केमिकलचा थेंब न्हाई. ह्यो कुणाला बाधतोय?" चहात गूळ, भाकरीशी गूळ, वर बोटभर काकवी!

आणि एक दिवस काईलीखालच्या चुलवाणातला निखारा पायाच्या अंगठ्यावर पडला. त्यांना कळलंसुद्धा नाही — साखरेनं पाय बधिर झाले होते! फोड आला, भरेना. हळद लावली, भरेना. अंगठा काळा पडायला लागला, तेव्हा अक्काताईनं रडत-भांडत दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शामराव, साखर फार वाढलीय. अंगठा काढावा लागेल. उशीर केलात तर पाय!"

काईलीपाशी उभं राहायचं कशावर? तरी शामरावांच्या तोंडातून निघालं काय? "पण बाई, गूळ नैसर्गिक हाय की!"

"असेल! रक्तात गेला की साखरच वाढवतो."

"आन् ती गोळी? कॅन्सर?"

"मापात घेतली तर तिनं कॅन्सर होतो, असं सिद्ध झालेलं नाही. पण ती औषधही नव्हे हं! गोळीचा चहा प्यायलो म्हणून वर दोन पेढे — असं चालायचं नाही. बिनगोडाची सवय लावलीत तर उत्तमच."

अंगठा गेला, मंडळी. पाय राहिला. घरी आल्यावर शामराव अक्काताईसमोर ढसाढसा रडले. "अक्के, गोळी आवडत नव्हती, म्हणून तिला भ्यालो. गूळ आवडत हुता, म्हणून त्याला भ्यालो न्हाई."

आता तुमच्याकडे वळतो. तुम्हीही काही ना काही सोडलं असेल. घातक होतं म्हणून सोडलंत — की मुळात नावडतंच होतं म्हणून? उत्तर मला नको. घरच्यांना सांगा — त्यांना केव्हाचं ठाऊक आहे!