आवक क्रमांक चारशे बारा

सन्माननीय अध्यक्ष महारुद्रआप्पा, मुख्याध्यापिका चंद्रप्रभाताई, व्यासपीठावरचे मान्यवर, तामलवाडी, अणदूर आणि सास्तूर या आपल्या तिन्ही शाखांतून हातातली कामं टाकून आलेले शिक्षक, शिपाई बंधू-भगिनी, आणि एवढी भाषणं ऐकूनही खुर्ची न सोडलेले आपण सर्वजण, नमस्कार.

चौतीस वर्षं इथं तुळजापूरच्या मुख्य कार्यालयात मी कारकुनी केली. दुसऱ्यांच्या निरोपाची भाषणं मीच टाईप करून दिली. आज माझ्या भाषणाचा कागद मात्र नाही. हातात हे आवक रजिस्टर आहे. ते कशाला आणलं, ते सांगतोच.

आत्ता चार जणांनी माझ्या टेबलाचं कौतुक केलं. राघवेंद्रअण्णांच्या टेबलावर संध्याकाळी एक कागद सापडायचा नाही, असं ताई म्हणाल्या. खरं आहे. मला त्याच टेबलाबद्दल बोलायचंय. थोडं धीरानं घ्या, मी फार थकलोय, सलग बोलणं होत नाही.

कागद होते तोवर बरं चाललं होतं. मग ई-मेल आला. आप्पांनी ठरवलं, संस्था एक तर पत्ता एक. कॉम्प्युटर मात्र चार, एक इथं आणि एकेक शाखेत. आलेला मेल प्रत्येक कॉम्प्युटर आपापल्याकडं उतरवून घ्यायचा. मग दिवसभर फोन. "अण्णा, तो मेल बघितला का?" "कोणता?" "कालचा." "कालचे चौदा आहेत, बाबा." एकदा तर जिल्ह्याच्या शिक्षण कार्यालयानं विचारलं, शाळेला कुंपण आहे का? त्याच दिवशी, त्याच पत्त्यावरून अणदूरनं कळवलं, आहे. तामलवाडीनं कळवलं, नाही. हसा, हसा. खुलासा लिहायला मीच बसलो होतो.

या गोंधळात माझी एक पद्धत होती. आलेला प्रत्येक मेल या रजिस्टरात नोंदवायचा. आपल्या कामाचा असेल तर छापून घ्यायचा. शाखेचा असेल तर शेरा मारायचा, 'शाखेकडे प्रत आहे', आणि आपल्याकडचा पुसून टाकायचा. पुसलेलं ज्या डब्यात जाऊन पडतं, तो डबासुद्धा रिकामा करूनच मी उठायचो. सहा वर्षं असं केलं. कुणाचं काही बिघडलं नाही, कारण शाखेकडं खरंच प्रत असायची.

दोन वर्षांपूर्वी एका शुक्रवारी आपले संगणक शिक्षक शंतनू सर आले आणि त्यांनी चारही कॉम्प्युटर एकमेकांशी जुळवून दिले. काम उत्तम केलं त्यांनी. मला शेजारी बसवून म्हणाले, "अण्णा, आता एका ठिकाणी वाचलं की सगळीकडं वाचलं, एका ठिकाणी पुसलं की सगळीकडं पुसलं." मी मान हलवली. मला काय कळलं होतं? खरं सांगू का, काहीच नाही. त्या वर्षात मला सातव्यांदा कुणीतरी काहीतरी नवीन समजावून सांगत होतं. मला फक्त ते संपायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी शनिवार. शाखा सकाळच्या, लवकर सुटलेल्या. मी दोनपर्यंत होतो. दुपारी एक मेल आला. पाचवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेचं सास्तूरच्या मुलांचं केंद्र बदललंय, लोहाऱ्याऐवजी उमरगा. मी नोंदवला. शेरा मारला. पुसला. डबा रिकामा केला. टेबल पुसलं आणि घरी गेलो.

पुढच्या रविवारी सास्तूरची अकरा पोरं लोहाऱ्यात बंद फाटकापुढं उभी होती. उमरग्याला पोचेपर्यंत पेपर निम्मा झाला होता. आत घेतलं नाही. पाचवीची शिष्यवृत्ती एकदाच असते, हे मी तुम्हाला सांगायला नको.

चौकशी झाली. मेल आपल्या पत्त्यावर पोचल्याचं परीक्षेवाल्यांनी दाखवून दिलं. सास्तूरला लिपिकाची जागा रिकामी, तिथला मेल उघडायच्या शिपाई तुळजाबाई. चाळिशीनंतर हट्टानं कॉम्प्युटर शिकलेली बाई. तो कुणाच्या हातानं पुसला गेला हे शंतनू सरांना शोधता येईना, आणि इतरांना शोधायची गरज वाटेना. बाईंच्या हातून चुकून बटण दाबलं गेलं असणार, असं एकजण म्हणाला आणि सगळ्यांना ते पटलं. बाई मला म्हणाल्या, "अण्णा, म्या न्हाय पुसला. सोमवारी उघडलं तवा तितं कायबी नव्हतं. तुमी तरी सांगा की." मी म्हणालो, बघतो.

आणि मी बघितलं. त्याच संध्याकाळी हे रजिस्टर उघडलं. आवक क्रमांक चारशे बारा. अक्षर माझं, शेरा माझा. शंतनू सर काय सांगत होते, ते मला तेव्हा कळलं. मी रजिस्टर मिटलं. आठ दिवसांनी तुळजाबाईंच्या सेवापुस्तकात 'निष्काळजीपणाबद्दल सक्त ताकीद' ही नोंद झाली. तीही माझ्याच अक्षरात आहे, आप्पा. तुम्ही फक्त सही केली.

बाईंचा कॉम्प्युटर काढून घेतला. त्या परत घंटा आणि पाण्याच्या हंड्यांवर गेल्या. येत्या सोमवारी पदोन्नतीची बैठक आहे. शिपायातून कनिष्ठ लिपिक व्हायला लागतं ते सगळं त्यांच्याकडं आहे, टायपिंगची परीक्षासुद्धा. यादीत नाव नाही, ते त्या ताकिदीमुळं. यादी मीच केली.

मघाशी तुम्ही मला शाल दिलीत. शालीचं ताट तुळजाबाईंनी धरलं होतं. त्या माझ्याकडं बघून हसल्या. दोन वर्षं हे आतल्या आत खातंय मला. रोज ठरवायचो आणि रोज टेबल आवरून घरी जायचो. आज मात्र मला गप्प राहवेना.

निवृत्त झाल्यावर सांगावं, असाही विचार केला. पण मग माझं काय बिघडणार होतं? म्हणून आज. मी अर्ज आणलाय. मेल केलेला नाही, कागदच आणलाय. ताकीद तुळजाबाईंच्या सेवापुस्तकातून रद्द करावी आणि माझ्या सेवापुस्तकात घ्यावी, एवढाच मजकूर आहे. दोन्ही सेवापुस्तकं त्या पिशवीत आहेत. चारशे बाराच्या पानावर मी खूण घातलीय, ज्यांना बघायचंय त्यांनी बघावं.

सगळ्यांनी माझ्याबद्दल चांगलं बोललात, जेवण घातलंत, चौतीस वर्षं सांभाळलंत, त्याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. शंतनू सर, तुमचं काम चोख होतं, ऐकणारा चोख नव्हता. त्या अकरा पोरांची परीक्षा मला परत आणता येत नाही. त्यांच्या आईबापांकडं मी उद्यापासून एकेका घरी जाणार आहे.

काही चुकलं असेल तर पोटात घाला, असं म्हणून वक्ते खाली बसतात. मला तसं बसता येत नाही. काय चुकलं ते तुम्ही ऐकलंत. तुळजाबाई, दारात उभ्या राहू नका. तो चहाचा ट्रे कुणीतरी घ्या त्यांच्या हातातून. बाई, मी तुमचा गुन्हेगार आहे. माफ करायचं का नाही, ते तुम्ही सावकाश ठरवा. माझी घाई नाही.

घाई आप्पांकडं आहे. आप्पा, आत्ता पाच वाजून दहा मिनिटं झालीत. साडेपाचपर्यंत मी या संस्थेचा कारकून आहे, तोवर सेवापुस्तकात लिहायचा अधिकार माझा आहे. तुम्ही इथं सही करा. नोंद मी माझ्या हातानं करून जातो.