डब्यात अडकलेले मामंजी

…आणि वर हे मलाच म्हणतात, "अगं, मशीन आहे, बंद पडायचंच, त्यात डोळ्यांना पदर काय लावतेस?" आता मला सांगा, मशीन बंद पडलं म्हणून मी रडणारी बाई आहे का? इस्त्री बंद पडली तेव्हा गादीखाली कपडे दाबून दिवस काढले, मिक्सर जळला तेव्हा हाताने कुटलं, चकार शब्द काढला नाही. पण तुम्हाला सांगते, त्या कॉम्प्युटरच्या पोटात माझे सासरे होते हो. सासरे आत, आणि बाहेर नुसता काळा पडदा, त्यावर एक पांढरी रेघ लुकलुकतेय, आणि आतून टिक… टिक… टिक… तक्रार नाही माझी, पण माणसाने काय समजायचं?

म्हणजे मामंजी वारले ते आधीच. शेवटी शेवटी त्यांची नजर गेली, लिहिता येईना, तेव्हा त्यांनी ठरवलं की आयुष्याच्या आठवणी बोलून ठेवायच्या. मग रोज जेवणं झाली की हे त्यांना कॉम्प्युटरपुढे बसवायचे, माइक तोंडाशी द्यायचे, बटण दाबायचे आणि स्वतः बाहेरच्या खोलीत पेपर घेऊन पसरायचे. मामंजी घसा खाकरून थाटात सुरू करायचे, "माझा जन्म एका सामान्य कुटुंबात…" आणि नेमकी तेव्हाच मी झाडू घेऊन आत. झालं. "सूनबाई, झाडतेयस की कुणाला मारतेयस? आणि त्या कोपऱ्यातलं राहिलं, आवाजावरून कळतं मला." जन्म राहिला बाजूला, पुढचं अख्खं रेकॉर्डिंग माझ्यावर. छापखान्यात जन्मभर मजकुरातल्या चुका काढायचं काम केलेला माणूस, निवृत्त झाल्यावर चुका काढायला घरात उरलं कोण? मी.

तेव्हा राग यायचा. खोटं कशाला बोलू? पण ते गेले आणि घर असं गप्प झालं की पातेलं ठेवल्याचा आवाज मलाच दचकवायला लागला. मग एके दुपारी सहज लावलं एक रेकॉर्डिंग. दुसऱ्या दिवशी दुसरं. पुढे सवयच लागली, दुपारी सगळं आवरलं की भाजी निवडत बसायचं आणि मामंजींची बोलणी खायची. मन कसं शांत व्हायचं. लोक भजनं ऐकतात, मी हे. बाहेर सांगायची सोय नाही.

आणि तेच बंद पडलं. माझा चेहरा बघून हे म्हणाले, "घाबरू नकोस, मी दोन प्रती करून ठेवल्यात." मी मनातल्या मनात हात जोडले, म्हटलं नवरा सुज्ञ निघाला. "कुठे ठेवल्यात?" "एक डी मध्ये आहे, एक ई मध्ये." "आणि हे डी नि ई कुठे असतात?" तर ह्यांनी बोट दाखवलं… त्याच डब्याकडे. म्हणजे एक छत्री हरवेल म्हणून दुसरी घ्यायची आणि दोन्ही एकाच बसमध्ये विसरून यायच्या. तक्रार नाही हो माझी. पण विचारावंसं वाटतंच ना?

तेवढ्यात आमचे भावजी आले, ह्यांचे धाकटे भाऊ. ते कुठल्याही कामात आधी बाह्या सरसावतात, मग काम कोणतं ते विचारतात. "वहिनी, काही नाही हो, फॉरमॅट मारू, नव्यासारखा पळेल." मी म्हटलं, "भावजी, फॉरमॅट म्हणजे नक्की काय?" "सगळं पुसून स्वच्छ." "मामंजींसकट?" भावजींनी सरसावलेल्या बाह्या हळूच खाली केल्या आणि म्हणाले, "वहिनी, चहा टाका ना जरा."

मग डबा पोटाशी धरून आम्ही दुरुस्तीच्या दुकानात. हे पुढे, मी मागे वायर सावरत, कोणाचं तरी लहान मूल दवाखान्यात न्यावं तशी आमची वरात. दुरुस्तीवाल्याने एकच प्रश्न केला, "काकू, मशीन हवंय की आतला माल?" हे म्हणाले, "दोन्ही." मी म्हटलं, "मशीन तुम्हीच ठेवून घ्या." त्याने स्क्रू काढले, आतून पाठ्यपुस्तकाच्या निम्म्या आकाराची एक लोखंडी वडी काढली, वीज देऊन कानाशी धरली आणि तोंड वाकडं केलं. "हिची सुई अडकतेय. बिघडल्यावर परत परत सुरू नाही ना केलंत? प्रत्येक वेळी आत थोडं थोडं खरवडलं जातं." ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी ह्यांच्याकडे. "छे, एखाददोनदा," हे म्हणाले. एखाददोनदा! अहो, येता-जाता बटण दाबत होतो आम्ही दोघं, एकमेकांची पाठ वळली की. मी तर प्रत्येक वेळी देवाचं नाव घेऊन दाबत होते. म्हणजे देवाचं नाव घेऊन मी सासऱ्यांना खरवडत होते.

"प्रयत्न करतो, खात्री देत नाही," म्हणाला तो. तिथे बाकावर बसले आणि नवस बोलायला घेतला. आता माझ्या नवसांची रीत तुम्हाला सांगते. मी सोडते. मुलीच्या परीक्षेसाठी साखर सोडली, ह्यांच्या ऑपरेशनला चहा, भावाच्या नोकरीला वांगं. आणि सोडायचं तर आवडीचंच सोडायचं. हे एकदा म्हणाले होते, "कारलं सोड की," पण देवाशी असली चलाखी करू नये. तर बाकावर बसून मी मनात शोधायला लागले, आता काय सोडू, काय आवडतं मला? तुम्हाला सांगते, काही सापडेना. सगळं सोडून झालेलं. एकच आवड शिल्लक. आणि विचार पुरता व्हायच्या आत मन बोलूनसुद्धा गेलं, मामंजी सुखरूप बाहेर येऊ देत, मी पुन्हा त्यांचा आवाज ऐकणार नाही.

घरी येऊन सांगितलं तर हे बघतच राहिले. "अगं, ऐकायला मिळावं म्हणून वाचवायचं, आणि वाचावं म्हणून ऐकायचं सोडायचं? मग त्या माणसाला उगाच का कामाला लावलंय?" मी म्हटलं, बरोबर आहे तुमचं. पण बोलले ते बोलले. दुकानदार वस्तू परत घेतो, देवाकडे तशी खिडकी नाही.

आणि देव पावला हो. पुरता पावला. दुरुस्तीवाल्याचा फोन आला, "काका, सगळं निघालं, पूर्वी तुम्ही पुसलेल्या फायलीसुद्धा निघाल्या. फक्त नावं उडालीत, नुसते आकडे आलेत. ऐकून ऐकून ओळखावं लागेल कुठलं कधीचं ते." आता ओळखणार कोण? ह्यांनी जन्मात एक रेकॉर्डिंग ऐकलेलं नाही, बटण दाबलं की पेपर. ओळखू शकणारी एकच, आणि ती आवाज कानी पडू नये म्हणून स्वयंपाकघरात दार लावून, नळ सोडून, कपाळाला हात लावून बसलेली.

तर हल्ली हे नव्या कॉम्प्युटरपुढे बसतात ऐकायला. अधूनमधून दार किलकिलं करून विचारतात, "अगं, बाबा तुला दूध उतू गेल्याबद्दल बोलतायत, हे कधीचं?" मी म्हणते, "दूध रोजच उतू जायचं, पुढचं सांगा." तेवढंच आपलं. तक्रार नाही माझी, ह्यांच्या तोंडून कळलं तर नवस मोडत नाही असं मी धरून चालले आहे.

काल मात्र हे आत आले ते दारात उभेच राहिले. म्हणाले, "पुसलेल्यातलं एक सापडलं. बाबांनी तेव्हा मला सांगितलं होतं, आजचं पुसून टाक, म्हणून मी न ऐकताच पुसलं होतं. अगं, त्यात तू नाहीसच खोलीत. एकटेच बोलतायत. सगळं तुझ्याबद्दल. चांगलं."

मी नळ बंद केला. हातातली पळी खाली ठेवली. "काय म्हणाले?"

"चांगलंच म्हणाले गं. बराच वेळ."

"हो, पण काय?"

आता ह्यांचं सांगणं तुम्हाला ठाऊक नाही. लग्नाला जाऊन आले, विचारा कसं झालं, "झालं." आजारी माणसाला भेटून आले, "आहे." हे परत आत गेले, मी नळ पुन्हा सोडला, पण दाराच्या फटीतून दिसत होतं, सगळं पहिल्यापासून पुन्हा ऐकत होते. मी देवाला म्हटलं, निदान एक वाक्य. बऱ्याच वेळाने बाहेर आले, डोळे पुसत होते, ह्यांचे डोळे मी मामंजी गेले तेव्हासुद्धा ओले पाहिले नव्हते. माझ्यासमोर बसले.

"काय सांगू तुला," म्हणाले, "ते बाबा जसं बोललेत ना… तसं मला नाही सांगता यायचं. तूच ऐक."